‘उत्कट’चं वाक्य

फेलिशियाने पेज ढवळून निववली, व्हिक्टरच्या गळ्याशी टॉवेल खोचला आणि वहीवर बोट ठेवून आजचा शब्द वाचला.

"उत्कट."

व्हिक्टरने डावा हात किंचित उचलला. म्हणजे ऐकलं. उजवा हात आठ महिने मांडीवर तसाच पडून होता, आणि अर्धांगाच्या त्याच झटक्यात बोलणंही गेलं होतं. घरी येणारी स्पीच थेरपिस्ट उर्वी हिने शब्दांची यादी लिहून दिली होती. रोज एक शब्द आणि त्याची वाक्यं, रोजच्या बोलण्यातली. सरांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं हे कळल्यावर तिने यादीत मुद्दाम जरा भारी शब्द घातले होते.

"आज उत्कट उकडतंय," फेलिशिया म्हणाली.

व्हिक्टरने मान हलवली. नाही.

"मना उत्कट भूक लागलीय."

मान पुन्हा हलली आणि डाव्या हाताचं बोट वर गेलं. हे बोट ती एकेचाळीस वर्षं ओळखत होती. लग्न होऊन ती कोलशेतच्या या घरात आली तेव्हा तिच्या तोंडी खाडीकाठची बोली होती. तिने ‘मना’ म्हटलं की तो पाहुण्यांसमोरही बोट वर करून ‘मला’ म्हणायचा. हळूहळू ती पाहुण्यांसमोर बोलेनाशीच झाली. आज मात्र ते बोट पाहून तिला बरं वाटलं. एवढं तरी शाबूत होतं.

"भूक नाय, गरमी नाय. मग लावायचा कुठे हा शब्द?"

व्हिक्टरने तळवा छातीवर ठेवला आणि दोनदा थोपटलं.

"मनातलं काही असंल तर?"

त्याने डोळे मिटून होकार दिला.

फेलिशिया विचारात पडली. एक वाक्य तिच्या ओठांवर आलं, त्यात त्याचंही नाव होतं आणि तिचंही. ते तिने गिळलं. चमच्याने पेजेवरची साय बाजूला केली.

"डॉमनिकची मना उत्कट आठवण येते." डॉमनिक त्यांचा मुलगा, दोहाला असायचा.

व्हिक्टर हसला. अर्ध्या चेहऱ्याने का होईना, पण हसला. वाक्य बरोबर होतं.

"आता तू."

तो खिडकीकडे बघत राहिला. ओठ हलत होते, जीभ अडखळत होती. फेलिशियाने घाई केली नाही, मधे शब्द पुरवायचा नाही असं उर्वीने बजावलं होतं. पेज गार झाली.

"मला," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने, "प्रिसिलाला." मग एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवावा तसा, "भेटायची... उत्कट... इच्छा... आहे."

फेलिशियाने पेनाचं टोपण काढलं. तो बोलला तसं अक्षरन्‌अक्षर लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"कधी?" त्याने विचारलं. अगदी स्पष्ट.

प्रिसिला त्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. डोंबिवलीला मानपाड्यात राहायची, लग्न केलं नव्हतं. फेलिशियाने तिला स्नेहसंमेलनांत चार-पाचदा पाहिलं होतं, आणि एवढंच पुरेसं होतं. तिने कधी काही विचारलं नाही, त्याने कधी काही सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो म्हणाला, "प्रिसिला टीचर गेल्या. स्टाफबरोबर जाऊन येतो." तिने पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. परत आल्यावर दोन दिवस तो जेवला नाही. पित्त झालंय, म्हणाला. तिने त्याला कोकम सरबत करून दिलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की जुनं नीट आठवेल, अलीकडचं गळेल, कधी माणसं ओळखण्यातही चूक होईल. आत्ता तो तिच्याकडे टक लावून बघत होता. खरं सांगितलं असतं, तर ती बाई त्याच्यासाठी पुन्हा एकदा मेली असती.

"रविवारी," फेलिशिया म्हणाली. "चर्चमधली मिस्सा झाल्यावर."

शनिवारी उर्वी आली, वही उघडली आणि जवळजवळ ओरडलीच. "सहा शब्दांचं पूर्ण वाक्य! आँटी, तुम्ही कमाल केलीत! प्रिसिला म्हणजे मुलगी का तुमची?"

"नाय. ह्यांच्या शाळेतल्या टीचर."

"मग बोलवा ना त्यांना! सरांना एकदम बूस्ट मिळेल."

"चहा ठेवते," म्हणत फेलिशिया उठली.

रविवारी व्हिक्टरने खुणेनेच दाढी करून घेतली आणि कपाटातला निळा शर्ट मागितला. तिने बटणं लावली, केस विंचरले, ओट्यावर फाटकाकडे तोंड करून खुर्ची मांडून दिली. शेजारच्या मंजुळाला त्याच्यापाशी बसवून ती चर्चला गेली. मृतांसाठी प्रार्थना सुरू झाली तेव्हा तिने मनातल्या मनात एक नाव घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

येताना ती मुद्दाम लांबच्या वाटेने आली. काय सांगायचं ते ठरवत होती. टीचरना ताप आलाय. गाडी मिळाली नाही. पुढच्या रविवारी येतील. फाटकाची कडी काढली तरी काही ठरलं नव्हतं.

ऊन तिच्या पाठीमागे होतं. ओट्यावर व्हिक्टर ताठ झाला. त्याचा चेहरा असा उजळला, की तसा उजळलेला तिने तो आजवर पाहिलाच नव्हता.

"आलीस?"

फेलिशियाचा हात कडीवरच राहिला. आत मंजुळा भांडी विसळत होती, त्याचा आवाज येत होता.

"आले," ती म्हणाली.

तिने चपला काढल्या आणि स्टूल ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसली. त्याने तिचा हात हातात घेतला आणि बोलू लागला. आठ महिन्यांत बोलला नव्हता इतकं. काही शब्द जुळत होते, काही तुटत होते. मंजुळा हात पुसत बाहेर आली, काही म्हणणार तेवढ्यात फेलिशियाने तिला मानेनेच थांबवलं आणि पुन्हा त्याच्याकडे वळून ऐकत राहिली.