रागाचा पाव

आमच्या बेकरीत शनिवारच्या भट्टीतला पहिला पाव विकत नाहीत. तो ज्याच्यावर आपला राग असेल त्याला नेऊन द्यायचा. हे खूळ माझ्या वडिलांचं. त्यांच्या नाकावर कायम राग, आणि येशूने तर सांगून ठेवलंय की वैऱ्यावर प्रेम करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. वडील म्हणायचे, "प्रेम कसं करायचं ते आपल्याला काही जमत नाही बुवा. पाव जमतो." म्हणून पाव. पण नियम कडक. पाव गरम असताना स्वतः घेऊन जायचा, दुसऱ्याच्या हाती पाठवायचा नाही. दाराबाहेर उभं राहून त्या माणसासाठी मनापासून प्रार्थना करायची आणि मगच दार वाजवायचं. राग कशाचा ते आपण होऊन सांगायचं नाही. त्याने विचारलं तर मात्र खरं तेच बोलायचं.

वडील गेले आणि भट्टी माझ्याकडे आली. राग तर रक्तातूनच आलेला. त्यामुळे एकाही शनिवारी खाडा झाला नाही, उलट पाव एक आणि गिऱ्हाइकं चार अशी पंचाईत व्हायची. मी पाव घेऊन निघालो की अख्खी गल्ली सावध. एकदा शेजारच्या शिंप्याच्या दाराशी डोळे मिटून उभा होतो, तर तो आतूनच ओरडला, "विजार सोमवारी देतो म्हटलं ना! तो पाव घेऊन जा परत!" मी कसला जातोय? त्याच्या बायकोने चहा टाकला, तिघांनी मिळून पाव फस्त केला. विजार मिळाली ती गुरुवारी, पण तोवर माझा राग निवला होता.

आमच्या चर्चच्या नव्या पाळकसाहेबांची तर वेगळीच गंमत. त्यांचा पहिला उपदेश इतका लांबला, इतका लांबला, की घरी माझं जेवण थंड आणि बायको गरम. शनिवारी मी पाव घेऊन त्यांच्या दारात. त्या भल्या माणसाला आमची रीत काय ठाऊक! रविवारी व्यासपीठावरून गहिवरून म्हणाले, "या मंडळीतल्या प्रेमाचं काय वर्णन करावं! कालच आपले बेकरीवाले काका माझ्यासाठी गरम पाव घेऊन आले होते." अर्ध्या मंडळीने गीतांच्या पुस्तकात तोंडं लपवली. शिंप्याला असा ठसका लागला की त्याला बाहेर न्यावं लागलं. पुढे कुणीतरी पाळकसाहेबांना खरं काय ते सांगितलं. त्यानंतर उपदेश आटोपशीर झाला.

असो. माझे गुडघे बोलायला लागले आणि डॉक्टरीणबाईंनी भट्टीसमोर उभं राहायला बंदी केली. बेकरी लेकीकडे द्यायची ठरली. कामाला ती माझ्यापेक्षा सरस, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणतो. नुसत्या वासावरून तिला कळतं की पाव झाला की नाही. पण स्वभावाने शांत. कुणी काही बोलो, हसायचं आणि "बरं" म्हणायचं. आईवर गेलीये म्हणावं तर तेही नाही, आमच्या हिची जीभ चांगली धारदार आहे.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती. इस्टेट म्हणाल तर आमची काही नाही. दुकान भाड्याचं, भट्टी जुनी. वडिलांनी मला दिली आणि मी पुढे द्यावी अशी चीज एकच, हा शनिवारचा पाव. मी काही उपदेश करणारा माणूस नाही, माझा देवावरचा सगळा विश्वास त्या पावातच. आणि जिच्या हाती तो द्यायचा, तिला राग येतच नाही! आता करायचं काय?

दुकान सोपवलं त्या दिवशी शेजारीपाजारी जमले होते. पाव भट्टीत सारायची लांब दांड्याची फळी मी तिच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघू या, भट्टी किती दिवस गरम राहते!" सगळे हसले. तीही हसली. मग मी हळूच म्हटलं, "शनिवारचं लक्षात ठेव हं." ती म्हणाली, "माझं मी बघते, बाबा."

पहिल्या शनिवारी संध्याकाळी विचारलं, "पाव दिलास का?"

"दिला."

"कुणाला?"

"ज्याला द्यायचा त्याला," म्हणाली आणि ट्रे पुसायला लागली.

मी शिंप्याकडे चौकशी केली. नाही. दूधवाला, पीठवाला, समोरचा घड्याळवाला, कुणालाच नाही. आमच्या गल्लीत रागाचा पाव मिळाला आणि बोभाटा झाला नाही, असं कधी घडलेलं नाही. म्हणजे पोरगी माझं मन राखायला थाप मारत होती. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही. माझा जीव तीळ तीळ तुटायला लागला.

मग मी ठरवलं, हिला राग येत नाही ना, आपण आणू. रोज सकाळी दुकानात जाऊन दाराशी स्टूल टाकून बसायला लागलो. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचं, "पूर्वीची चव राहिली नाही." ती म्हणायची, "बरं, बाबा." तिने लावलेले ट्रे मी उलटसुलट केले. तिने ते पुन्हा लावले. शेवटी एक दिवस पाव फुगत असताना मी भट्टीचं दार सताड उघडलं. बेकरीत याच्याइतकं मोठं पाप नाही, माझ्या वडिलांनी यासाठी मला परातीने बडवलं असतं. लेक आली, दार लावलं, म्हणाली, "चहा घेता का?" हरलो की हो मी!

त्या आठवड्यातला शनिवार. आंघोळ करून मी नाश्त्याला बसलो. समोर पाव होता, पण खाण्यात मन लागेना. डोळे मिटले आणि मोठ्यानेच प्रार्थना केली, "प्रभू, माझ्या लेकीला थोडा तरी राग दे. चिमूटभर पुरे."

स्वयंपाकघरातून हसण्याचा असा आवाज आला की मी दचकलो. आमची ही ओट्याला टेकून पोट धरून हसत होती.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तुम्ही खा. पाव कसा झालाय?"

"वरून जरा करपट आहे. दर शनिवारी असाच आणतेस. बघून घेत जा ना जरा."

"मी आणत नाही," ही पदराने डोळे पुसत म्हणाली. "ती आणून देते. तुम्ही आंघोळीला असता तेव्हा. बेकरी घेतल्यापासून एक शनिवार चुकवला नाहीये तिने."

घास हातातच राहिला. "म्हणजे हा... माझ्यावर?"

"मग काय माझ्यावर? आणि तुम्ही रागाचा पाव खाताय आणि वर त्याला नावं ठेवताय!"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"ती म्हणाली, आई, तू मध्ये पडू नकोस, बाबांनी विचारलं तर मीच सांगेन. तुम्ही साऱ्या गल्लीला विचारत फिरलात, स्वतःला सोडून."

काय सांगू, अपमान वाटला आणि आनंदाने ऊरही भरून आला, दोन्ही एकदम. पोरीला राग येतो! चांगला घसघशीत येतो! आणि तो माझ्यावर आहे! मी पाव शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. करपट नव्हता, उगाच म्हणत होतो.

पुढच्या शनिवारी आंघोळीला गेलो नाही. दाराला कान लावून आतल्या बाजूला उभा राहिलो. जिन्यावर तिची पावलं वाजली आणि दाराशी थांबली. पावाचा वास फटीतून आत आला. आता प्रार्थना करेल आणि दार वाजवेल, असं मला वाटलं. माझी प्रार्थना नेहमी झटपट असायची, पाव गार व्हायला नको म्हणून.

"देवा," ती म्हणाली, "माझ्या बाबांना..." आणि थांबली.

मग पुन्हा, "माझ्या बाबांना आशीर्वाद..." आणि पुन्हा थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. माझे गुडघे ठणकत होते, पण हलायची सोय नव्हती. मनापासून म्हणता येईपर्यंत दार वाजवायचं नाही, असा नियम. आणि मनात नसताना ती म्हणत नव्हती. पाव तिच्या हातात निवत चालला होता आणि ती तिथेच उभी होती. इतकं मी तिला शिकवलं नव्हतं.

"देवा, दुकान देताना सगळ्यांसमोर ते मला हसले, ते अजून जात नाही रे मनातून," ती शेवटी हळू आवाजात म्हणाली. "पण तुझं नाव त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना आशीर्वाद दे. गुडघे बरे कर. मला त्यांच्यावर प्रेम करू दे, आजच्या दिवसापुरतं तरी. आणि जमलं तर आज त्यांना दुकानात पाठवू नकोस. आमेन."

"आमेन," मी आतून म्हणालो, आणि तिने हात उचलायच्या आत दार उघडलं.

ती पाव छातीशी धरून बघत राहिली. तिचे डोळे लाल, माझे तर वाहतच होते. इतकी वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो, पण दाराच्या आतून कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं. मी पाव दोन्ही हातांनी घेतला.

"बाळा," मी म्हणालो, "माझं काय चुकलं?"

"बसा, बाबा," ती चपला काढत म्हणाली, "वेळ लागेल."