नळदुर्गच्या खळ्यावरची विमानं

मी एक पत्र्याचा भोंगा बोलतोय. नळदुर्गच्या एका पत्रेवाल्यानं रॉकेलचा डबा उलगडून मला घडवलं. तंबूतल्या सिनेमाचा माणूस टांग्यात बसून मला तोंडाला लावायचा आणि आजचा खेळ गावभर ओरडून सांगायचा. पुढं त्यांच्याकडं विजेवरचा कर्णा आला. मग मी ट्रकवाल्या गुंडप्पाकडं गेलो, आणि त्यानं मला शेजारच्या चारुशीलाला देऊन टाकलं.

चारुशीलाचा नवरा अंबादास अलाहाबादला विमानांचं शिकत होता. विमान चालवायचं नव्हे. जमिनीवर बसून, वाटेतल्या कुठल्या विमानानं किती उंचीवरून जायचं ते रेडिओवर सांगायचं, म्हणजे टक्कर होत नाही. सरावात लुटुपुटूचं तिसरं विमान आलं की त्याची वाचाच बसायची. एकदा तो नापास झाला होता. पुन्हा झाला असता तर कायमचा घरी.

तो सुट्टीवर आला तशी चारुशीलानं रिकाम्या खळ्यावर चुन्यानं मुंबई, हैदराबाद, नागपूर मांडून मधल्या वाटा आखल्या आणि मला त्याच्या हातात दिलं. विमानं तीन: अंबादासच्या काकू मथुराबाई, गुंडप्पा आणि ती स्वतः. डोक्याला लाल फडकं म्हणजे विमान वर, पांढरं म्हणजे खाली. एका रंगाच्या दोघांनी समोरासमोर यायचं नाही. गुंडप्पा तोंडानं ट्रकचा आवाज काढत हैदराबादेहून निघाला.

अंबादासनं माझ्यातून सांगितलं, "काकू, तुम्ही वर जा."

काकू मुंबईतच थांबल्या. "आत्ताच वर पाठवतोस व्हय? नातवंडाचं तोंड तर बघू दे."

तिन्ही विमानं हसून हसून वाकडी झाली. मग काकू मुंबईहून निघाल्या, चारुशीला नागपूरहून सुटली आणि अंबादास गप्प झाला. माझ्या पोटात नुसती गरम वाफ. काकू आणि गुंडप्पा एकमेकांवर आदळून भुशाच्या ढिगात पडले.

अंबादास खाली मान घालून म्हणाला, तिघांशी एकदम बोलायला जातो आणि शब्द अडकतात.

"तिघांशी कशाला?" चारुशीला म्हणाली. "ज्याला आधी धोका, त्याच्याशी आधी बोला."

दुसऱ्या दिवशी खेळ रंगात आला असताना चन्नबसप्पाची म्हैस दावं तोडून खळ्यात घुसली. काकूंची तिच्याकडं पाठ होती. मला वाटलं, आता संपलं. पण अंबादास चहा मागावा तशा आवाजात बोलला.

"काकू, उजवीकडं वळा, गंजीमागं जा. गुंडप्पा, आहे तिथंच घिरट्या घाल. चारू, सरळ घराकडं."

म्हैस मुंबई तुडवून, नागपूरवरून थेट बोरी नदीत जाऊन बसली. काकूंना खरचटलंही नाही. सगळ्यांचा चहा झाला तरी गुंडप्पा घिरट्या घालतच होता. उतरायचा हुकूम कुणी दिलाच न्हाय, म्हणाला.

अंबादास पास झाला. दिवाळीला घरी आला आणि मलाच तोंडाला लावून त्यानं ते साऱ्या गल्लीला सांगितलं. पुढं त्याला मुंबईच्या विमानतळावर नोकरी लागली आणि चारुशीलाही त्याच्याबरोबर तिकडं गेली.

आता माझी कड गंजलीय. मथुराकाकू माझ्यातून ओरडून ज्वारीवरची पाखरं हाकतात. वरून विमान गेलं की पाखरं सोडून त्यालाच सांगतात, "नीट जा रं, आमचा अंबादास बघतोय."

तुमच्यापैकी कुणी कधी विमानानं नळदुर्गवरून गेलात, तर खिडकीतून एकदा हात हलवा. काकूंना तो दिसायचा नाही. पण दिसला म्हणून त्या गावभर सांगतील, आणि तेही माझ्यातूनच.