शॉर्टलीचा बोकड

धनाजीला पुण्यात नोकरी लागली तशी त्याच्या आईनं, कोंडाबाईनं, नवसाचं करडू बिरोबाच्या नावानं सोडलं. लेकानं हात लावल्याशिवाय ते कापायचं न्हाय, अशी रीत. दर जत्रेला ती बोलावणं धाडी आणि धनाजीचा मेसेज येई, "शॉर्टली." शेजारची शिवांजली अर्थ सांगे, "लवकरच, काकू." कोंडाबाई लगेच अंगण सारवून भावकीला आवतण देई.

अशा तीन जत्रा कोरड्या गेल्या. करडाला हातभर दाढी आली. भावकीतले बिरूतात्या येताजाता त्याला रामराम घालू लागले.

चौथ्या वर्षी धनाजी आला.

"साहेब, ह्यो बोकड तुमच्यापरीस वडील दिसतोय," तात्या म्हणाले. भावकी हसली.

"हसू नगा," कोंडाबाई म्हणाली. "इंग्रजीत लवकर म्हंजे तीन वर्सं असत्याल."

धनाजीची मान खाली गेली. ऑफिसात काम होणार नसलं की गिऱ्हाइकाला तो हाच शब्द लिहायचा.

"तसं न्हाय, आई. मी येणारच नव्हतो."

कोणी हसलं नाही. कोंडाबाई त्याच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मला म्हाईत हुतं. भावकीसमोर कशाला बोललास?"