नमुन्याची पर्स

शुभेच्छापत्र हा अंतःकरणाचा आरसा होय, असं स्टेशनरीच्या दुकानात एका पाटीवर वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं. दुकानात सगळ्यांत जास्त खप कोऱ्या कार्डांचा होता. गिऱ्हाइकं ती घरी नेत आणि आत फक्त स्वतःचं नाव लिहीत.

त्या दुकानाला हाताने केलेली कार्डं पुरवणाऱ्या उस्तादांची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांची कार्डंही आतून कोरीच असत. जी काही करामत ती बाहेरून. बत्तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात बायकांच्या चामड्याच्या पर्सा शिवल्या होत्या, आणि ‘उस्ताद’ हे नाव तिथेच चिकटलं होतं. पुढे बोटांत चामड्यातून सुई ओढायचा जोर राहिला नाही, तेव्हा ते कागदाकडे वळले. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर जाड कागद, टोचा, कटर आणि कातरणांचा डबा मांडून ते कार्डं करत. पट्टा गुंडाळलेलं आणि खरं बक्कल असलेलं कार्ड. फीत लावलेली हॅट. पाच मण्यांची बटणं असलेला हातमोजा. आणि अर्थातच पर्स, जिचं झाकण टिचबटणाने लागे आणि आत करंगळीएवढा कप्पा असे.

“बत्तीस वर्षं जगाला पर्सा पुरवल्या,” बायको टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर ताटं मांडत म्हणे, “आता कागदाच्या करतायत. मी आपली पिशवी घेऊन बाजारात जाते.”

“तू कधी मागितलीस?”

“मागायची असते होय?”

दुकानाचा एक रिवाज होता. नव्या घाटाचं पहिलं कार्ड विकायचं नाही. ते नमुना म्हणून काचेत ठेवायचं. गिऱ्हाइकांची बोटं स्वस्थ बसत नाहीत, दिवसभर टिचबटण उघड-मीट करून ती कार्डाची वाट लावतात. म्हणून नमुन्याचं झाकण उस्ताद चिकटवायच्या सोल्युशनचे दोन थेंब टाकून कायमचं बंद करत. कायमचं म्हणजे महिनाभर. काचेतल्या दिव्याच्या उष्णतेने सोल्युशन सुटे, आणि उस्ताद पुन्हा जाऊन दोन थेंब टाकून येत.

लेक याच टेबलाखाली कातरणं गोळा करत मोठी झाली होती, त्यामुळे तिलाही हा रिवाज ठाऊक होता. ती आता घरात नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिला मशीनवर रेक्झिनच्या पर्सा काढणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. पहिल्या पगारातून तिने आईला एक पर्स आणली, गडद हिरवी, अर्धगोल झाकणाची. उस्तादांनी ती हातात घेतली, उलटी केली, कोपऱ्यावर नख ओढलं आणि नाकाजवळ नेऊन परत ठेवली.

“याला पर्स म्हणत नाहीत,” ते म्हणाले. “हे पर्सचं सोंग आहे.”

“बाबा, तुमच्या त्या खऱ्यांपैकी एक तरी कधी आईला दिलीत?”

प्रश्न रास्त होता. रास्त प्रश्नाला उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा त्यांनी चढवला. “जा मग त्या प्लॅस्टिकवाल्यांकडेच जाऊन राहा,” असं ते म्हणाले. लेक आज्ञाधारक होती, गेली. बसने पाच तासांवर. त्यानंतर फोन आईला येत. उस्ताद खोलीत असले तर ते कटरला धार लावायला बसत. त्या दोन वर्षांत घरातल्या कटरइतका धारदार कटर पंचक्रोशीत नव्हता.

मग एका सकाळी बायकोने फोन खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, “तिला कंपनी परदेशात पाठवतेय. चार वर्षांसाठी. वीस तारखेला विमान आहे.”

“बरं.”

“बरं काय? तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. चार वर्षांनी आपण दोघं कुठे असू, देव जाणे.”

“फोनवर मला जमत नाही.”

“तुम्हाला समोरही जमत नाही. कागदावर तरी बघा.”

उस्तादांनी कपाट उघडलं. साड्यांच्या मागे ती हिरवी पर्स होती, कागदात गुंडाळलेली, एकदाही न वापरलेली. बायकोने ती नवऱ्याच्या धाकाने वापरली नव्हती आणि लेकीच्या प्रेमाने टाकली नव्हती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. बायकोला वाटलं, आता पुन्हा नावं ठेवणार.

“घाट वाईट नाही,” ते म्हणाले.

चार दिवस त्यांनी दुसरं काम केलं नाही. तीच पर्स त्यांनी कागदात उतरवली, तळहातावर मावेल एवढी. हिरवा तोच मिळावा म्हणून तीन हिरवे रंग एकमेकांत मिसळले. अर्धगोल झाकण, दोन्ही बाजूंच्या चुण्या, कडेने एका मापाचे एकशे बारा टाके. मूळ पर्सचा एक टाका डाव्या कोपऱ्यात चुकला होता; तो त्यांनी बराच वेळ बघितला आणि कागदावर सरळ घातला.

खरी मेहनत चिठ्ठीला पडली. पहिला मसुदा ‘तुझ्या पर्सच्या दर्जासंबंधी मी केलेल्या शेऱ्याबाबत’ असा सुरू होत होता.

“ही काय नोटीस आहे?” बायको म्हणाली.

दुसऱ्यात प्रकृती ठीक असल्याचं कळवलं होतं. कोणाची ते नव्हतं. तिसरा त्यांनी बायकोला दाखवलाच नाही. ‘पर्स चांगली होती. माझं चुकलं. तुझ्या आईला पर्स मी द्यायला हवी होती. जाण्याआधी एकदा घरी ये. – बाबा.’ चिठ्ठीची चार वेळा घडी घालून त्यांनी ती कप्प्यात सरकवली, टिचबटण दाबलं आणि दहा तारखेला स्वतः जाऊन कुरिअर केलं.

तेरा तारखेला लेकीचा फोन आला. पार्सल मिळालं, एवढं म्हणून ती आईशी बॅगेच्या वजनाबद्दल बोलत राहिली.

“विचार करत असेल,” उस्ताद म्हणाले. रोज सकाळी ते दाढी करू लागले. पाच तासांची बस दोन वाजता येई. दोन वाजता ते जिन्यात जिन्याचा कठडा तपासत उभे असत. कठड्याला काहीही झालेलं नव्हतं. एकोणीस तारखेला दोनची बस आली, चारची आली. बायकोने तिसरं ताट मांडलं आणि मग उचलून ठेवलं.

वीस तारखेला विमानतळावरून फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला; कटर तिने आधीच लपवून ठेवला होता.

“आई, निघतेय ग. आणि बाबांना सांग, टोमणा पोचला.”

“कसला टोमणा?”

“माझ्याच पर्सची नक्कल करून पाठवली ना! ‘बघ, मी कागदाची केली तरी तुझ्यापेक्षा बरी होते,’ असंच ना? वर आत एक अक्षर नाही. उघडतसुद्धा नाही. झाकण चिकटवलेलं. मला नमुना पाठवला, आई. दुकानात ठेवतात तसला.”

उस्ताद स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. नवा घाट. पहिलं कार्ड. दोन थेंब. डोक्याला न विचारता हाताने आपलं काम चोख केलं होतं.

त्यांनी फोन ओढून घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा. “पातळ पातं घे,” ते म्हणाले. “झाकणाच्या डाव्या कोपऱ्यातून घाल. आडवं ओढू नकोस, कागद फाटेल. पाव इंच आत गेलीस की—”

“बाबा?”

“पाव इंच गेलीस की आपोआप सुटतं.”

“ते माझ्याकडे नाहीये, बाबा. पंधरा तारखेला कंपनीच्या शोरूममधल्या नमुन्यांत नुसतं ठेवून आले, कोणाला काही न सांगता. डिझाइनच्या मॅडमना आवडलं, त्यांनी काचेत ठेवलंय.” मग तिने विचारलं, “का? आत काही होतं?”

बायको त्यांच्या दंडाला चिमटे काढत होती. तोंडाने सांगा, तोंडाने, असं ती नुसत्या ओठांनी ओरडत होती. उस्तादांनी तोंड उघडलं. चिठ्ठीतली चारही वाक्यं पाठ होती. घसा खाकरून ते म्हणाले, “तिकडे थंडी असते म्हणे.”

“असते.”

“स्वेटर?”

“घेतलाय.” मागे कोणीतरी कसलीशी घोषणा करत होतं. “चला, बोलावतायत. आईकडे द्या.”

त्यांनी आईकडे दिला.

चोवीस तारखेला ते पाच तास बसमध्ये बसून त्या शोरूममध्ये गेले. चिठ्ठी आणायची आणि तिकडच्या पत्त्यावर जशीच्या तशी पाठवायची, असं ठरलं होतं. पुन्हा लिहा म्हणून बायकोने सांगून पाहिलं, पण तशी आता उतरणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. काचेच्या कपाटात रेक्झिनच्या पर्सांच्या ओळीत मधोमध त्यांची पर्स होती. वर तीन दिवे. झाकण उघडं होतं, कप्पा रिकामा होता.

“अय्या, तुम्ही केलंत हे, काका?” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “आम्हाला वाटलं होतं, उघडतच नाही. पण दिव्यांनी आपोआप सुटलं. आत चिठ्ठी होती, इतकी गोड! आम्ही सगळ्यांनी वाचली. मॅडमचे तर डोळेच भरून आले.”

“कुठे आहे?”

“टाकली ना, काका. खाली नुसतं ‘बाबा’ लिहिलेलं. कोणाचे बाबा, कसं कळणार? बाबा सगळ्यांनाच असतात. मॅडम म्हणाल्या, खासगी दिसतंय, काचेत नको.”

उस्तादांनी मान हलवली. निघावं म्हणून वळले, आणि पुन्हा काउंटरशी आले. “कधी उघडलं ते?”

मुलीने आठवून सांगितलं. “अठराला. शनिवार होता.”

लेकीचा तिथला शेवटचा दिवस शुक्रवार होता.