मशीनवरचं विरजण

आमच्या घरात इंटरनेट माझ्या मशीनला विचारून यायचं, आणि मशीन बहुतेक वेळा नाही म्हणायचं.

धुळ्यात देवपूरला आमचं घर साधंच आहे, पण राऊटर साधा नव्हता. बाजारात मिळतो तो साबणाच्या डबीएवढा राऊटर इतरांनी लावावा. मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, मला त्यात कमीपणा वाटायचा. कॉलेजच्या लॅबने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला, त्यात फुकटचं सॉफ्टवेअर घातलं आणि त्याचाच राऊटर केला. बाहेरची वायर त्यात जायची आणि घरातले सगळे मोबाईल त्याच्यातून नेट घ्यायचे. कोण कुठली साइट उघडतं ते मला दिसायचं. बहुतेक वेळा मीच दिसायचो, मशीन का बंद पडलं ते शोधताना.

बंद पडलं की मी विजेला, केबलवाल्याला, झालंच तर उंदरांना दोष द्यायचो. माझी बायको पुनम म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी तिला मोकळ्या सॉफ्टवेअरचं महत्त्व समजावून सांगायचो. ती तोवर कुकर लावून मोकळी व्हायची.

माझी आई भागाबाई पिंपळनेरकडची. मशीनबद्दल तिला एकच गोष्ट पटली होती, की त्याचं डोकं कायम गरम असतं. आमच्याकडे हिवाळ्यात दही लागता लागत नाही. म्हणून ती संध्याकाळी दुधाला विरजण लावायची, पातेलं जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि मशीनवर नेऊन ठेवायची.

"आई, तो राऊटर आहे, चूल नाही."

"मंग तपस कसाले?" ती विचारायची. याचं शास्त्रीय उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला ऐकायचं नसायचं.

या हिवाळ्यात पुनमने पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासकडे अर्ज केला. लग्नाआधी ती गणित शिकवायची आणि चांगलं शिकवायची. तिथल्या बाईंपुढे एक धडा घेऊन दाखवायचा होता. पहिल्या खेपेला ती अपूर्णांकांच्या बेरजेत असताना मशीन अडकलं. दुसऱ्या खेपेला तर तिचा नमस्कारच पोचला नाही. बाई सज्जन होत्या. शनिवारी शेवटची संधी देते म्हणाल्या.

पुनम सरळ कपाटाकडे गेली. तिने बॅग काढली. "शनिवारी मी जळगावला दिपमालाकडे जाते. तिच्याकडे तो बाजारातला साधाच डबा आहे, पण चालतो."

दिपमाला माझी मेहुणी. तिच्या घरी तो डबा पाहून मी एकदा मोठ्याने हसलो होतो. आता माझी बायको नोकरीसाठी त्याच डब्याच्या आश्रयाला निघाली होती. मला राग आला, आणि रागावण्यासारखा माणूस घरात एकटा मीच होतो.

"एकदाच विश्वास ठेव," मी म्हणालो. "शनिवारच्या आत मशीन नीट करतो."

 तिने बॅग परत कपाटावर ठेवली.

मशीन नीट होणार नाही हे मला ठाऊक होतं. डबा घ्यायलाच हवा होता, पण धुळ्यात घेणार कसा? इथल्या एकूण एक दुकानदाराला मी अशा डब्यांविरुद्ध भाषण दिलेलं. शेवटी कॉलेजचं काम सांगून मी एसटीने जळगावला गेलो आणि तिथे सगळ्यात स्वस्त राऊटर मागितला. "घरासाठी?" दुकानदाराने विचारलं. "एका ओळखीच्यासाठी," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं.

गुरुवारी दोघी हळदीकुंकवाला गेल्या. मी मशीनचं पोट रिकामं केलं आणि आत तो डबा ठेवला. पत्र्याच्या आड वायफाय अडलं, म्हणून भिंतीकडची बाजू उघडी सोडली. नाव आणि पासवर्ड जुनेच दिले, म्हणजे एकाही मोबाईलला संशय येणार नाही. जुना पंखाही जोडून दिला, नुसता आवाजासाठी. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो मी स्वतःच्या हाताने घडवला.

शनिवारी पुनमने धडा सुरू केला. मी दाराआड उभा होतो. अपूर्णांक झाले, दशांश झाले, एकदाही काही अडकलं नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "आता नेटची अडचण नाही ना येणार?"

"नाही मॅडम," पुनम म्हणाली. "माझ्या मिस्टरांनी स्वतः मशीन बनवलंय. रात्रंदिवस त्यावर मेहनत घेतात ते."

तिच्या आवाजात अभिमान होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याबद्दल तो मी प्रथमच ऐकत होतो, आणि तो त्या डब्याच्या नावावर होता. मला आत जाऊन खरं सांगावंसं वाटलं. मी गेलो नाही. संध्याकाळी तिला निवड झाल्याचा फोन आला, तिने शिरा केला आणि पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली. मी खाल्ला. वर सॉफ्टवेअरमध्ये काय काय बदल केले तेही सांगितलं.

रविवारी सकाळी आई मशीनपाशी बसली होती. पातेल्यात दूध जसंच्या तसं पातळ होतं.

"परमदिन बी नई लागनं, काल बी नई, आज बी नई," ती म्हणाली. "मी म्हनं दूधच खराब शे." तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा तिने मशीनवर तळहात ठेवला. "प्रेमराज, तुन्हं मशीन गार पडी गयं रे."

पुनम चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवला, वाकून भिंतीकडच्या फटीतून आत पाहिलं. आत लहानसे हिरवे दिवे लुकलुकत होते.

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"म्हणजे माझा धडा यावर झाला."

"हो."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "डबा आणला ते चांगलंच केलं. पण मी त्या बाईंना तुमचं कौतुक सांगितलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही दाराआडून ऐकत होता. तुमचे पाय दिसत होते मला."

मला फार लाज वाटली. मी डबा बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टीव्हीशेजारी लावला. त्याला मशीनची गरज नव्हती. कधीच नव्हती. मग मशीनचं सामान परत आत बसवून मी ते चालू केलं. इंटरनेटची वायर मात्र लावली नाही. थोड्या वेळाने त्याचं डोकं तापलं.

संध्याकाळी आईने पातेलं त्यावर नेऊन ठेवलं. सोमवारी सकाळी तिने लुगडं सोडलं, पातेलं तिरकं करून पाहिलं. दही हललं नाही. पुनमच्या ओठांवर हसू आलं, तिने ते पदराने झाकलं.

आई माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाली, "आते बरं चालस तुन्हं मशीन."