तुसातली धूळ

निरगुडसरच्या हनुमंतची बंदिस्त पोल्ट्री होती. कोंबड्यांखालचं भाताचं तूस खालीवर केलं की संध्याकाळी त्याला ताप भरायचा, छाती आवळून यायची. कळंबचे डॉक्टर म्हणाले, "जंतू मेले तरी त्यांचं विष धुळीत राहतं. तेच छातीत जातंय."

मग ते काम त्याच्या बायकोनं, निर्मलानं, अंगावर घेतलं. हनुमंतला उतार पडला. पण एका संध्याकाळी तीच गोधडीत कुडकुडताना त्याला दिसली.

"कधीपासून व्हतंय? बोलली का न्हाईस?"

"तुमाला बरं वाटत व्हतं."

सकाळी हनुमंतनं आळेफाट्याहून दोघांसाठी चांगले मास्क आणले आणि शेडचा बंद पडलेला पंखा दुरुस्त करून घेतला. आता तूस दोघं मिळून हलवतात. निर्मलाचा ताप थांबलाय, खोकला मात्र अजून आहे.