चौथं घर

"अक्का, त्यांना सांगा, चार-सात-एक-नऊ," भाकरी थापता थापता पुष्पावती म्हणाली.

मी ओसरीवर गेले. ह्यांनी शहाबादी फरशीवर खडूनं चार घरं आखली होती. आकडा मात्र मनात धरलेला, तो पुष्पावतीनं ओळखायचा. मी तिचे आकडे सांगितले.

"एक बैल, दोन गाई," हे म्हणाले. मी परत चुलीपाशी.

हे नागापूरला फिटर होते. त्र्याहत्तरच्या दिवाळीला धाकटे दीर राधाकृष्ण बायकोला घेऊन पुण्याहून आले, ते हा खेळ घेऊनच. त्यांच्या कंपनीत कॉम्प्युटर आला होता.

"मुळात कागदावरचा खेळ, वयनी. मशीनला मागनं शिकवला," ते म्हणाले. "आकडा आपल्या जागेवर बसला तर बैल. आकडा बरोबर पण जागा चुकली तर गाय. एक आकडा दोनदा घ्यायचा न्हाई. अन् मशीन आधीच विचारतं, सोपं का अवघड. सोप्याला तीन घरं, अवघडाला चार."

पुष्पावती त्यांची बायको, मॅट्रिक झालेली. पण थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून आत-बाहेर निरोप वाहायला मी. माझ्या तोंडून ती दोघं बोलत होती.

ती जिंकली की हे ओसरीवरून म्हणायचे, "लई डोक्याची हाय! सांग तिला." तो निरोप मात्र माझ्याकडून वाटेतच राहायचा.

"मलाबी खेळवा की," मी एकदा म्हटलं. ह्यांनी तीन घरं आखली.

"तुला सोपंच बरं. उगं डोकं दुखंल."

तिला चार, मला तीन. त्या दिवशी पिठलं कुणालाच गोड लागलं नाही.

पण निरोप नेता नेता घरं माझ्या डोक्यात भरत होती. पुष्पावती अडायची, तेव्हा मला आकडा दिसायचा. मी ओठ मिटून तिचा चुकलेला आकडा बाहेर न्यायची.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. दुपारी हे खडू घेऊन ओसरीवर एकटेच बसले. करमत नव्हतं त्यांना, दिसत होतं.

"ये मालन," म्हणत त्यांनी तीन घरं आखली.

मी भांडी टाकून आले आणि ओल्या बोटानं शेजारी चौथं घर काढलं.

"अगं, झेपायचं न्हाई तुला."

"तुमी आकडा धरा. पाच-सहा-सात-आठ."

"ना बैल, ना गाय!" हे खो खो हसले. मी मनात हसले. चार आकडे एका फटक्यात निकालात निघाले होते.

पुढच्या दोन-तीन खेपांत त्यांचं हसू ओसरत गेलं. मग मी म्हटलं, "नऊ-दोन-शून्य-तीन."

हे बघतच राहिले. "चारी बैल!" मांडीवर थाप मारून ओरडले. चेहरा असा उजळला, की माझ्याकडे बघताना तो तसा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. आता काय म्हणतात, म्हणून मी तशीच उभी राहिले.

"ह्ये पुष्पावतीला कळवाय पायजे! लई खूश हुईल ती."

मी खाली पाहिलं. खडूची तीन घरं ठळक होती. चौथं वाळून गेलं होतं.